शाळेची निवडणूक आणि एकसष्टावं मूल

आमच्या गावात निवडणूक म्हटलं की ग्रामपंचायतीची, सोसायटीची नाहीतर विधानसभेची. जीप फिरतात, जेवणं होतात, दोन भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. एक निवडणूक मात्र अशी आहे की ती झाली हे मतदारांनाच दुसऱ्या दिवशी कळतं. ती म्हणजे शाळा सुधारणा समितीची. कर्नाटकात तिला सगळे एसडीएमसी म्हणतात. मी या समितीवर दोनदा निवडून आले आणि एकदा अध्यक्षपदासाठी उभी राहून पडले. गाव बेळगाव तालुक्यातलं, वेंगुर्ला रस्त्यापासून थोडं आत. भात, रताळी, बटाटे पिकवणारं. घरटी एक माणूस उद्यमबागेत नाहीतर मच्छेच्या कारखान्यांत कामाला. शाळा मराठी माध्यमाची, सरकारी, पहिली ते पाचवी.

म्हातारी माणसं अजून तिला 'बोर्डाची शाळा' म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, शाळेबाहेर बोर्ड आहे म्हणून असं म्हणत असतील. खरं कारण वेगळं आहे. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं आणि १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डाकडे आणि नगरपालिकांकडे सोपवल्या होत्या. त्यांच्या कारभारासाठी स्कूल बोर्ड असायचं. १९५६ साली आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, बोर्ड गेलं, पण शब्द राहिला. पुढे २००१ मध्ये कर्नाटक सरकारने शाळेगणिक पालकांची समिती काढली. २००९ साली शिक्षण हक्क कायदा आला, आणि जे कर्नाटकात आधीपासून होतं ते देशभर सक्तीचं झालं.

हा कायदा इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, मडगाव सगळीकडे तोच आहे, म्हणून थोडक्यात सांगते. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका हव्यात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, शाळेचा विकास आराखडा करणं आणि सरकारकडून आलेले पैसे कुठे गेले ते बघणं, ही समितीची कामं. तुमच्या गावची मराठी शाळा एखाद्या जुन्या शिक्षण संस्थेची अनुदानित शाळा असेल, तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिथली समिती फक्त सल्ला देऊ शकते. विनाअनुदानित खासगी शाळेला तर हे कलम लागूच नाही. म्हणजे पालकांच्या हातात खरा अधिकार असलेली शाळा कोणती, तर जिला आपण नाक मुरडतो ती सरकारी शाळा. फी भरणाऱ्या पालकाला तिकडे फाटकाच्या बाहेर उभं करतात आणि फुकट शिकणाऱ्या मुलाची आई इकडे जमाखर्च मागू शकते, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा गंमतच वाटली.

मी उभी कशी राहिले? मुलगी दुसरीत होती. पालकसभेत मी विचारलं, की मुलींच्या संडासाला पाणी का नाही. गुरुजी म्हणाले, मोटर बिघडली आहे, समितीला सांगितलंय. समितीचे त्या वेळचे अध्यक्ष म्हणाले, बघू. तीन सभांत तीनदा विचारलं, तीनदा 'बघू' झालं. चौथ्या वेळी मागच्या बाकावरून एक तात्या म्हणाले, "एवढं हाय तर तूच ऱ्हा की उभी." हसायला म्हणून म्हणाले होते. दोन महिन्यांनी समितीची मुदत संपली, तेव्हा मी नाव दिलं.

घरात सासूबाई काही बोलल्या नाहीत. थोरले दीर म्हणाले, "शाळंचं मेंबर होऊन काय मिळतंय? चहा." नवऱ्याने एवढंच विचारलं, की सभा किती वाजता असते, म्हणजे शिफ्ट बघून मुलांना कोण सांभाळणार ते ठरवता येईल. त्या दिवशी मला त्यांचा हाच प्रश्न सगळ्यात जास्त उपयोगी वाटला.

गावात दोन पाट्या आहेत, हे काही नवीन नाही. समितीच्या जागा या दोन पाट्यांत आधीच वाटून ठेवलेल्या असायच्या. बायकांच्या जागांवर बायकांचीच नावं लागायची, पण सभेला त्यांचे मालक यायचे आणि बायको घरून सही करून पाठवायची. 'सर्वानुमते' हा शब्द आमच्या रजिस्टरात इतक्या वेळा आहे की बघतच राहावं. मी कुठल्याच पाटीची नव्हते, म्हणून दोघांनाही अडचण झाली. त्या वर्षी पहिल्यांदा शाळेच्या व्हरांड्यात मोजून हात वर करायला लावले. सीआरपी, म्हणजे आमच्या केंद्रातल्या शाळा बघणारे अधिकारी, एका कागदावर रेघा मारत होते. दुपारची वेळ होती, पुरुष कामावर होते, आणि आलेल्या पालकांत बायका जास्त होत्या. माझं नाव पुकारल्यावर त्यांचे हात वर गेले. काही हात आधी शेजारणीकडे बघून मग वर गेले. मी निवडून आले.

पहिली दोन वर्षं मी मुख्यतः वाचत होते. ऑफिसातून येणारे आदेश कन्नडमध्ये असतात. गुरुजी त्यांचा सारांश सांगायचे, आणि सारांशात कधी कधी आपल्याला हवी असलेली ओळच राहून जाते. मी शाळेत कन्नड शिकले होते, पण एवढी सरकारी भाषा वाचायची सवय नव्हती. दोन-तीन महिने शब्द लिहून काढले. आता कुठलंही पत्र मी स्वतः वाचते आणि सभेत मराठीत सांगते. आमच्याकडे कन्नडचा विषय निघाला की हवा लगेच तापते. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यावर बोलणारी मोठी माणसं आहेत. पण माझं स्पष्ट मत आहे, की मराठी शाळेच्या समितीत कन्नड वाचणारं माणूस नसेल तर नुकसान मराठी शाळेचंच होतं. ज्याला पत्र वाचता येतं, समिती त्याच्या मताने चालते.

आता बुटांची गोष्ट. कर्नाटकात सरकारी शाळेच्या मुलांना बूट आणि मोजे मिळतात. ते तयार येत नाहीत, पैसे येतात आणि खरेदी समितीने करायची असते. पहिली ते पाचवीच्या मुलाला २६५ रुपये. त्यात एक जोड बूट आणि दोन जोड मोजे बसवायचे. आमची त्या वर्षी ५८ मुलं, म्हणजे १५,३७० रुपये. एवढ्याशा रकमेसाठी गावातले दोघं मध्यस्थ व्हायला तयार होते, यावरून काय ते समजा. आधीच्या वर्षी आलेले बूट श्रावणात उसवले होते आणि मुलं पुन्हा चपलांवर आली होती.

मी म्हटलं, आपणच जाऊया. बचत गटातल्या दोघी, मी आणि गुरुजी अशा चौघांनी ठरवलं. आधी जुनी वर्तमानपत्रं आणली आणि प्रत्येक मुलाला कागदावर उभं करून पेनाने पाय आखून घेतला. वर नाव आणि इयत्ता. पोरांना गुदगुल्या व्हायच्या, एकच दंगा. मग ५८ कागदांची गुंडाळी घेऊन बेळगावात खडेबाजार, गणपत गल्ली पालथी घातली. चौथ्या दुकानात भाव जमला. दुकानदाराने विचारलं, "बिल किती रुपयांचं करू?" आम्ही म्हटलं, जेवढ्याला देताय तेवढ्याचं. त्याने चष्म्यावरून बघितलं आणि मग प्रत्येक जोड उलटून, तळ वाकवून दाखवला. ते बूट मार्चपर्यंत टिकले. समितीत असताना मला सगळ्यात जास्त समाधान कशाने मिळालं असेल, तर मार्चमध्ये व्हरांड्यात ओळीने लावलेले ते बूट बघून.

पैशांचं म्हणाल तर शाळेला मिळणारं अनुदान पटावर ठरतं. शंभराच्या आत मुलं असलेल्या आमच्यासारख्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये. त्यात वीजबिल, खडू, नळाच्या तोट्या, रंग, झाडू, सगळं. खातं मुख्याध्यापक आणि अध्यक्ष यांच्या जोड सहीचं असतं. अध्यक्षाची सही घरी जाऊन घेतली जायची, बिल नंतर. मी आणि आणखी दोन सभासद आयांनी मिळून ठराव मांडला, की दर महिन्याचा जमाखर्च व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहायचा. विरोध कुणी केला नाही. असल्या ठरावाला उघड विरोध करता येत नाही, फक्त तो विसरला जातो. म्हणून आम्ही खडू घेऊन स्वतःच लिहायला लागलो. तिसऱ्या महिन्यात एका आजोबांनी फळ्यासमोर उभं राहून विचारलं, "तोटीला एवढे?" त्यानंतर मोटर दुरुस्त व्हायला फार दिवस लागले नाहीत.

तीन वर्षांनी पुन्हा निवडणूक लागली. मुलगी पाचवीत आणि मुलगा पहिलीत. या वेळी मी सभासद झालेच, शिवाय अध्यक्षपदालाही उभी राहिले. अध्यक्ष निवडतात ते निवडून आलेले पालक सभासद, त्यामुळे मतं मोजकी असतात आणि प्रत्येक मताला नाव-गाव असतं. आदल्या रात्री दोन घरी माणसं जाऊन आली, हे मला कळलं. एका वैनींनी सकाळी पाणी भरताना खाली बघत सांगितलं, "मला घरातनं वेगळं सांगितलंय गं." मी त्यांना म्हटलं, तुम्ही घरात भांडण काढू नका. दोन मतांनी पडले. निवडून आलेले काका दुसऱ्या पाटीचे, पण माणूस सरळ. पहिल्याच सभेत त्यांनी ऑफिसचं पत्र माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "वाच आणि सांग, मग सही करतो." न वाचता त्यांनी आजवर एकही सही केलेली नाही. अध्यक्ष होऊन मी यापेक्षा फार वेगळं काही केलं असतं असं वाटत नाही. तरी पडल्याचं वाईट वाटायचं ते वाटलंच. दोन दिवस मी शाळेकडे गेले नाही.

आता खऱ्या मुद्द्यावर येते.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात एक तक्ता आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक. ६१ ते ९० असतील तर तीन. आमच्या शाळेत दोन शिक्षक होते. एका बाईंकडे पहिली-दुसरी-तिसरी एकत्र, नली-कलीच्या पद्धतीने. गुरुजींकडे चौथी-पाचवी आणि शिवाय मुख्याध्यापकपण, म्हणजे जेवणाचा हिशोब, दुधाचा हिशोब, संगणकावर भरायची माहिती, बैठका. गुरुजी तालुक्याला बैठकीला गेले की पाचही वर्ग बाईंच्या गळ्यात. अशा दिवशी शिकवणं म्हणजे मुलं भांडणार नाहीत एवढंच बघणं. आणि हे दिवस महिन्यातून चार-पाच तरी असतातच.

मार्चमध्ये पट ५९ होता. पाचवीची १४ मुलं जाणार, म्हणजे राहणार ४५. तिसरा शिक्षक मागायचा तर नवीन १६ हवीत. अंगणवाडीताईंकडे यादी होती, पहिलीत जाण्याजोगी मुलं गावात १९. त्यांतली ११ नक्की आपली. उरलेल्या आठ घरांपुढे रोज सकाळी पिवळी व्हॅन उभी राहायची.

मे महिन्यात आम्ही तिघीजणी घरोघर गेलो. भाषेचा अभिमान, संस्कृती वगैरे काही बोलायचं नाही, असं आधीच ठरवलं होतं. भाषणाने कुणाचं मूल हलत नाही. इंग्रजीचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरात आला. सरकारी मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी विषय असतो, हे आठांतल्या पाच घरांना माहीतच नव्हतं. मी मुलाची इंग्रजीची वही सोबत नेली होती, ती पुढे ठेवली. एका आईने माझ्या तोंडावर सांगितलं, "टाय घातलेलं पोरगं बघितलं की सासरची गप बसतात." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी द्यायचा प्रयत्नही केला नाही. दुसऱ्या घरी हिशोबाची वही काढली. फी, व्हॅन, पुस्तकं, गणवेश मिळून वर्षाचा आकडा त्या वैनींनी स्वतः मांडला, आणि आकडा झाल्यावर त्या बराच वेळ वहीकडे बघत बसल्या. आठांतली चार मुलं आली. ४५ आणि ११ आणि ४, झाले ६०.

साठ! म्हणजे नियमाने दोनच शिक्षक.

एकसष्टावी मुलगी तिसरीतली. बाहेरगावच्या एका खासगी शाळेत जात होती. वडिलांचा कारखान्यात हात दुखावला, काही महिने पगार नाही, फी थकली. शाळेने दाखला अडवला. आई रडकुंडीला येऊन मला म्हणाली, "फी भरल्याशिवाय टीसी नाही म्हणत्यात, मग मुलीला घरात बसवू काय?" इथे कायदा कामाला आला. कलम ५ मध्ये स्पष्ट लिहिलंय, की दाखला मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी शाळा मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही आणि प्रवेश लांबवूही शकत नाही. हे प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावं. गुरुजींना कलम दाखवलं, त्यांनी त्याच दिवशी मुलीला वर्गात बसवलं.

पण वर्गात बसणं वेगळं आणि पटावर येणं वेगळं. कर्नाटकात प्रत्येक मुलाचा सॅट्स नंबर असतो, संगणकावरचा. जुनी शाळा तिकडून सोडत नाही तोवर नव्या शाळेत ते मूल दिसत नाही. मुलगी रोज येत होती, बुटांसाठी तिचा पाय आखून झाला होता, पाढे म्हणत होती, आणि सरकारच्या पटावर मात्र आमच्याकडे साठच मुलं. समितीने ठराव केला. अध्यक्ष काकांनी सही केली, मी कन्नडमध्ये अर्ज लिहिला, कलमाचा उल्लेख घातला, आणि बीईओ ऑफिसात नेऊन दिला. पोच घेतली. पोच घेणं विसरू नका, अर्जापेक्षा पोच मोठी. आठ दिवसांनी पुन्हा गेलो. तिथल्या क्लार्कने विचारलं, "एका मुलीसाठी एवढं?" काका म्हणाले, "एकाच मुलीवर मास्तर अडलाय साहेब." तिसऱ्या फेरीनंतर तिकडून नंबर सुटला. गुरुजींनी संध्याकाळी फोन करून सांगितलं, तेव्हा मी भात लावणीत होते, हाताला चिखल, फोन सासूबाईंनी कानाला धरला.

दहा दिवसांनी आणखी एक मूल आलं, कुक्कुटपालनाच्या शेडवर राखण करणाऱ्या बिहारी कुटुंबातलं. घरी हिंदी बोलणारा पोरगा आता बेळगावी मराठीत 'काय करायलास बे' म्हणतो. झाले ६२.

मग मिळाला का तिसरा शिक्षक? कायमचा अजून नाही. जागा मागितली आहे, बदल्यांच्या वेळी बघू असं उत्तर आहे. अतिथी शिक्षिका मात्र मिळाली. शेजारच्या गावची, डीएड झालेली मुलगी. मुख्याध्यापक आणि समितीने मिळून निवड केली. अर्ज तीन आले होते, त्यांत एक सभासदाच्या नात्यातला होता, त्यामुळे ती सभा तापली. शेवटी तिघींनाही पहिलीच्या वर्गात वीस मिनिटं शिकवायला लावलं आणि आम्ही मागे बसलो. हिने पिशवीतून चिंचोके काढले आणि मुलं तिच्याभोवती जमली. नातेवाईक असलेल्या सभासदानेच म्हटलं, "हीच बरी." आता गुरुजी बैठकीला गेले तरी चौथी-पाचवी चालू असते. बाईंचा आवाजही जरा खाली आला आहे, पूर्वी रस्त्यापर्यंत यायचा.

पुढचा हिशोब मी आताच मांडून ठेवला आहे. मार्चला पाचवीची ११ मुलं जातील. अंगणवाडीच्या यादीत १४ आहेत, त्यांतली ९ नक्की. शेडवरच्या कुटुंबाचा मालकाशी करार दिवाळीपर्यंतच आहे, तो पुढे वाढतो का ते विचारायला रविवारी जायचं आहे. नाहीतर पुन्हा साठाच्या खाली.

समितीची मुदत पुढच्या वर्षी संपते. मुलगा तेव्हा चौथीत असेल, म्हणजे मला उभं राहता येईल. पण निवडणुकीत घरातनं वेगळं सांगितलेल्या त्या वैनींची धाकटी मुलगी आता दुसरीत आहे, आणि फळ्यावरचा जमाखर्च गेलं वर्षभर त्याच लिहितात, माझ्यापेक्षा सुंदर अक्षरात. परवा नळावर मी त्यांना विचारलं, अध्यक्षपदाला राहता का म्हणून. कळशी डोक्यावर चढवत त्या म्हणाल्या, "मी कुठला उभा राहतो गं, मला कन्नड वाचायला येत नाही." मी म्हटलं, त्याला अजून वर्ष आहे. जून लागल्यापासून त्या मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे येतात, पाटी घेऊन. काल मुळाक्षरं संपली.